बैतूलहून आलेली मेणवेल

ढोके बाईंचा आवाज सगळ्या पांढुर्ण्याला ठाऊक होता आणि चेहरा फार थोड्यांना. बाजारात भाजीच्या ढिगापाशी उभ्या राहून त्या नुसतं "अर्धा किलो वांगी द्या हो" म्हणाल्या, की शेजारचा माणूस दचकून वळायचा. आवाज रोजचा, बाई अनोळखी! मग त्याची ट्यूब पेटायची. "अरे, टेलिफोनवाल्या बाई काय तुम्ही?" बाई हसायच्या. "हो जी. बोला, लाइन चालू आहे."

मी पांढुर्ण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. माझं माहेर-सासर दोन्ही सौसरचं, संत्र्याच्या बागांचं. रोज बसनं येणं-जाणं. आजच्या पोट्ट्यांना सांगितलं तर खोटं वाटते, पण तेव्हा फोन उचलला की आधी आमच्यातली कोणीतरी "नंबर सांगा" म्हणायची, समोरच्या बोर्डात दोरी खोचायची, तेव्हा कुठे बोलणं. बाहेरगावी बोलायचं तर ट्रंक कॉल लिहवायचा आणि हरि हरि करत बसायचं. संत्र्याचा हंगाम आला की व्यापारी अगदी पिसाळून जायचे. एकदा एक जण खिडकीतून ओरडून राहिला होता, "ओ बाई, माल सडून राहिला ना माझा! नागपूर लावा लवकर!" ढोके बाई शांत. "दादा, संत्रं सडाले चार रोज लागते, लाइन लागाले पंधरा मिनिटं. तुम्ही तोवर पाणी पिऊन या." आणि तो गडी खरंच पाणी पिऊन आला. मी असती तर माझं त्याच्याशी भांडणच झालं असतं. माझा स्वभाव तसा तिखट, त्यांचा आवाज मात्र कधी चढलेला मी ऐकला नाही.

ठेंगणी मूर्ती, पाठ ताठ. हेडफोन एकाच कानावर लावून लावून त्या बाजूचे केस कायमचे चपटे झालेले. "हा भांग सरकारी आहे," म्हणायच्या. तोंडात सदा लवंग. चिंच नाही, ताक नाही, बर्फाचा गोळा तर नावच काढू नका. "आवाजाचं खातो आपण, त्याले जपाव लागते वं." राहायला नदीपलीकडे सावरगावात. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर, अगदी मुखदुर्बळ माणूस. दिवसभर बोलून थकलेल्या बाईला न बोलणारा नवरा मिळाला, यापरतं भाग्य नाही, असं त्याच सांगायच्या. बुद्धपौर्णिमेला सगळ्या एक्स्चेंजला खीर. डबा तर आमचा रोजच एक. त्यांच्या ठेच्यानं माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि तरी मी दुसऱ्यांदा मागायची.

आणि ती वेल.

बोर्डाच्या मागच्या खिडकीत, यंत्रांसाठी बसवलेल्या कूलरच्या ओलसर वाऱ्यात, तारेच्या शिंक्यात एक मातीचं कुंडं टांगलेलं होतं. त्यातून तिच्या दोऱ्या खाली लोंबायच्या, पार टेबलापर्यंत. पानं जाडजूड, बोटानं दाबली तर मेणाची वाटावी. बाहेर मे महिन्यात कडुनिंबसुद्धा मान टाकायचा, आणि ही आत हिरवीगार. नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. बाई तिला मेणवेल म्हणायच्या म्हणून आम्हीही. फुलं आली की मोठी गंमत. लहान लहान चांदण्यांचा एक गोल झुबका, फिकट गुलाबी, मधोमध लाल ठिपका, आणि प्रत्येक फुलात पाकाचा एक थेंब. दिवेलागणीला तिचा वास सुटायचा. तेव्हा आमची संध्याकाळची पाळी कोणी बदलून मागितली तरी आम्ही द्यायच्या नाही.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. मनीप्लँट आमच्याकडे कोणी विकत घेत नाही, मागत तर नाहीच. चोरतात. चोरून आणलेलाच फळतो म्हणतात. चांगल्या घरच्या बाया, हळदीकुंकवाला म्हणून येतील आणि जाताना पदराआड एक फांदी नेतील. आमच्या मेणवेलीलाही लोकांनी मनीप्लँटचीच जात समजून घेतलं. ट्रंक कॉल लिहवायला येणारा माणूस खिडकीतून हात घालायचा आणि टचकन एक पान तोडून खिशात टाकायचा. पान तोडलं की पांढरं दूध गळते. टेबलावर दुधाचा थेंब दिसला की बाई म्हणायच्या, "आली वाटते कोणाच्या घरी लक्ष्मी."

एकदा आमच्या साहेबांच्या मिसेस आल्या. गप्पा झाल्या, चहा झाला, आणि बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेलं, "बाई, तुमच्या वेलीचं पान कसं हो हट्टी! वर्ष झालं पेल्यात लावलं. मुळंही आली. पण ना मरते, ना वाढते." बोलल्यावर त्यांनी जीभ चावली. मी तर ओठ दाबून खिडकीबाहेर पाहत बसली. बाई मात्र गंभीरच. "मॅडम, तुम्ही पान नेलं. डोळा इथंच राहिला ना."

मला ते लगेच समजलं. संत्र्याचं कलम आम्ही डोळ्यावरच बांधतो. जिथे पान दांडीला भेटते, त्या पेराशी तो डोळा असते. नुसतं पान लावलं तर ते मूळ धरील, वर्षानुवर्षं हिरवं राहील, पण त्यातून वेल निघायची नाही. बाईंनी कात्री घेतली, दोन पेरांचा तुकडा कापला आणि दूध सुकायला कागदावर ठेवून दिला. "आज लावू नका. जखम सुकू द्या. उद्या रेतीत, विटेचा चुरा आणि नारळाची शेंडी घालून. पाणी बेतानं. आणि मॅडम, चोरायचंच असलं ना, तर मले विचारून चोरत जा." मिसेस इतक्या हसल्या की चहा सांडला.

बाईंना चिडलेलं मी एकदाच पाहिलं. तपासणी होती म्हणून आमच्या शिपायानं, भैयालालनं, झाडझूड केली आणि वेलीवरच्या वाळक्या काड्या कापून टाकल्या. फुलं गळून गेल्यावर जे बोडके देठ राहतात, ते. त्याला वाटलं कचरा. आता तिची खोड अशी, की जुन्याच देठावर नवा झुबका येतो, वर्षामागून वर्ष तिथेच. बाई त्या दिवशी त्याच्यावर ओरडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "भैयालाल, तू आज माझे चार उन्हाळे कापले." बिचारा भैयालाल पार रडकुंडीला आला. पुढे तोच त्या वेलीचा राखणदार झाला आणि खिडकीत हात घालणाऱ्याच्या मनगटावर फटकन मारायला लागला.

ही वेल आली होती बैतूलहून.

सकाळी पाळी सुरू झाली की पहिलं काम म्हणजे लाइनी तपासणं. एकेका गावाला हाक मारायची, आवाज पाहायचा. आम्ही एकमेकींना नावानं नाही, गावाच्या नावानंच ओळखायच्या. "हॅलो बैतूल, पांढुर्णा बोलते. आवाज कसा?" "साफ आहे, पांढुर्णा." झालं, संपलं. पण ढोके बाई आणि बैतूलची ती ऑपरेटर, या दोघी त्या तपासणीत रोज एक वाक्य जास्तीचं बोलायच्या. एकच हं! लाइन अडवून ठेवणं बाईंच्या तत्त्वात बसत नव्हतं. "पोराले ताप आहे." दुसऱ्या दिवशी, "उतरला." "आज मुळ्याची भाजी." "इकडे आभाळ आलं." अशी वर्षानुवर्षं एकेका वाक्यानं त्यांनी अख्खा संसार एकमेकींना सांगून टाकला होता. त्यांतच कधीतरी बैतूल म्हणाली, "माझ्याकडे एक वेल आहे, मेणासारखी." आणि मग एका ओळखीच्या रेल्वे गार्डाच्या हाती, ओल्या फडक्यात गुंडाळून, तिची फांदी पॅसेंजरनं आली. कसं लावायचं, पाणी किती, ऊन किती, सगळं शिक्षण रोज एक वाक्य. पहिलं फूल आलं त्या सकाळी बाईंनी सांगितलं, "बैतूल, फुललं." पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. हे मला बाईंनीच सांगितलं, सांगताना त्यांचेही डोळे भरले होते.

तिचं नाव विमल, एवढं बाईंना ठाऊक. हिचं नाव कुसुम, एवढं तिला. आडनाव कोणी विचारलं नव्हतं. भेट कधीच नाही.

मला हे काही केल्या पटेना. "बाई, सकाळच्या पॅसेंजरनं बसलं की जेवायच्या आत बैतूल! ती एवढी बोलावून राहिली, मुलाच्या लग्नाला बोलावलं, तुम्ही काऊन जात नाही?"

बाई डबा पुसत होत्या. पुसतच राहिल्या. मग म्हणाल्या, "नोकरीत लागली तेव्हा ट्रेनिंगले एक मैत्रीण होती वं माझी. एका खोलीत राहो, एका ताटात जेवो. एक दिवस हजेरीत साहेबानं पूर्ण नाव घेतलं. रात्री जेवाले बसलो तर माझं ताट वेगळं. काही बोलली नाही ती, भांडली नाही. नुसतं ताट वेगळं." डब्याचं झाकण लावून त्या म्हणाल्या, "आवाजाले जात नसते शोभा. घराले दरवाजा असते, आणि दरवाजात उभं राहिलं की लोक आडनाव पुसतात. बैतूल एकच आहे माझी. तिच्या हातून वेगळा कप आला ना, तर मी ते सहन नाई करू शकत."

त्यानंतर मी बैतूलला जायचा विषय काढला नाही. एरवी मी विषय सोडणारी नाही.

मग दशक सरता सरता बातमी आली की एक्स्चेंज ऑटोमॅटिक होणार. लोक स्वतःच डायल फिरवतील आणि थेट दिल्लीशी बोलतील. गावात आनंदीआनंद. आम्हाला बदलीचे वेध लागले. आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात बैतूलनं सकाळी सांगितलं, "पांढुर्णा, माझी वेल गेली." घराला चुना मारायचा म्हणून कोणीतरी कुंडं गच्चीवर नेऊन ठेवलं आणि विसरलं. बैतूलचं ऊन ते! त्या दिवशी मात्र तिनं दोन वाक्यं घेतली. "माझ्या आईच्या हातची होती. तुझ्यातली एक फांदी दे ना."

बाईंनी गार्डाच्या हाती फांदी पाठवली. उन्हात डबा तापला, ती रस्त्यातच शिजून गेली. पावसाळा लागल्यावर दुसरी पाठवली. ती नीट पोचली, पण विमलताईंनी मायेनं इतकं पाणी घातलं की सडली. तेव्हा बाईंनी ठरवलं, आता मुळासकटच द्यायची. वेलीची एक लांब दोरी त्यांनी तोडली नाही. तशीच वळवून, खाली एका पत्र्याच्या डब्यातल्या रेतीत तिचं एक पेर दाबलं आणि वर चपटा दगड ठेवला. आईपासून नाळ न तोडता लेकराला मूळ धरू द्यायचं. पाऊस संपला, थंडीही सरली. एक दिवस बाईंनी दगड उचलून हळूच ओढून पाहिलं, तर ते हलेना. त्या तशाच खाली बसल्या. "धरलं वं," म्हणाल्या. मग मधली दोरी कापली. पण आता हा डबा गार्डाच्या भरवशावर पाठवणं शक्य नव्हतं, आणि महिनाभरात लाइनच बंद होणार होती.

दोन-तीन दिवस बाई नुसत्या त्या डब्याभोवती घुटमळत राहिल्या. मग सकाळच्या तपासणीत मी माझ्या कानांनी ऐकलं. "बैतूल, रविवारी मी येते." पलीकडून इतकी मोठी किंकाळी आली की बाईंनी हेडफोन बाजूला केला. कान चोळत माझ्याकडे वळल्या. "शोभा, तू चाल माझ्यासंग. एकटीनं माझा पाय दरवाजातूनच वापस फिरन."

पुढचं आधीच सांगून टाकते. लाइन ठरल्याप्रमाणे बंद झाली. बाई छिंदवाड्याला गेल्या, मी सौसरला. भेटी होत राहिल्या, पण लग्नाकार्यात, धावत्या. त्यांची माझी अशी सबंध दिवसाची सोबत म्हणजे हा बैतूलचा रविवार. आणि ढोके बाई म्हटलं की मला दिसतात त्या त्याच दिवशीच्या.

पांढरी, निळ्या काठाची साडी. मांडीवर डबा, त्यावर ओल्या पंच्याचा तंबू. गाडीत कोणी धक्का दिला की बाई डब्यावर ओणव्या व्हायच्या. समोरच्या बाईनं विचारलं, "लोणचं आहे काय जी?" बाई म्हणाल्या, "लेक आहे. सासरी पोचवून राहिली." त्या हसल्या खऱ्या, पण लवंगामागून लवंग तोंडात टाकत होत्या.

घर स्टेशनच्या मागच्याच गल्लीत निघालं. दार विमलताईंनीच उघडलं. जाड भिंगाचा चष्मा, हाताला पीठ. माझ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, अंदाज घेऊन राहिल्या. आणि आमच्या बाई बोलेचनात! ज्या बाईनं जन्मभर आवाजावर पोट भरलं, तिच्या तोंडून शब्द निघेना. मी कोपर मारलं तेव्हा कुठे म्हणाल्या, "हॅलो बैतूल."

विमलताईंचा पिठाचा हात तोंडावर गेला. "पांढुर्णा! अवं माय, किती बुटकी वं तू!" आणि दोघी हसता हसता रडायला लागल्या. मलाही आवरेना.

आत बैठकीत बंगईवर विमलताईंच्या सासूबाई बसल्या होत्या. झोका घेत गोड आवाजात म्हणाल्या, "या, बसा. आडनाव काय म्हणायचं तुमचं?"

बाई बसल्या नाहीत. डबा छातीशी धरून उभ्याच राहिल्या. बोर्डावर बोलायच्या तसल्याच शांत, स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "ढोके. कुसुम ढोके. आम्ही बौद्ध आहो, आई. जयभीमवाले."

बंगई थांबली. मी मनात म्हटलं, एक शब्द वाकडा निघू दे, बाईंचा हात धरून तडक स्टेशन गाठते, पण चार शब्द सुनावल्याबिगर काही जात नाही. सासूबाईंनी वाकडं काही म्हटलं नाही. नुसतं म्हणाल्या, "विमल, पाहुण्यांचा चहा बाहेर ओसरीत दे. तिथे वारा चांगला आहे."

बाईंनी मान खाली घातली नाही. पण डब्यावरची बोटं पांढरी पडलेली मला दिसली. विमलताई सासूकडे पाहत होत्या.

"चहा होईल मागून," विमलताई म्हणाल्या. "आधी वेल लावू द्या. उन्हातून आली ती." आणि त्यांनी बाईंचं मनगट धरलं, आणि बैठकीतून, देवघराच्या समोरून, थेट आत नेलं. मी मागोमाग.

"तिची जागा इथेच आहे," स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात थांबून त्या म्हणाल्या. "इथं गारवा राहते ना." खाली तिवईवर पिण्याच्या पाण्याचे दोन माठ, वर खिळ्याला रिकामं कुंडं. बाई माठांकडे पाहून एक पाऊल मागे सरल्या. विमलताईंनी मनगट सोडलं नाही.

मग बाई खाली बसल्या आणि कामाला लागल्या. कुंड्यात विटेचा चुरा, रेती, शेंडी. डबा आडवा करून मुळांचा गोळा अलगद बाहेर काढला, बसवला, बोटांनी कडेकडेनं दाबला. विमलताईंनी कुंडं खिळ्याला लावलं, पितळी गडव्यानं बाईंच्या हातांवर पाणी घातलं आणि तो रिकामा गडवा वेलीसाठी पुन्हा भरायला वळल्या.

"आज नाई," बाई म्हणाल्या. "मुळं दुखावली आहेत तिची. आता पाणी दिलं तर सडन. चार रोज तशीच राहू दे. ऐकते ना बैतूल? माया आवर थोडी."

"बरं," विमलताई म्हणाल्या. गडवा तसाच हातात.

बाईंनी ओठांवरून जीभ फिरवली. "मले मात्र तहान लागली आहे. पांढुर्ण्यापासून."

बैठकीत बंगईचा आवाज नव्हता. विमलताईंनी गडवा बुडवून दिला नाही. तो रिकामाच बाईंच्या हातात ठेवला आणि बाजूला सरकल्या.

"मग घे ना. माठ तुझ्यासमोरच आहे."

बाईंनी पदर खोचला. झाकण काढून बाजूला ठेवलं, गडवा माठात बुडवला आणि उभ्याउभ्या गटागटा पाणी प्यायल्या, गळ्यावरून, ब्लाउजवरून ओघळ येईतो. पुन्हा बुडवला. तो भरलेला गडवा हातात धरून, ओल्या हनुवटीनं, त्या माझ्याकडे वळल्या.

"तुले देऊ का वं शोभा?"